कलम १३८चे जुने बिऱ्हाड

‘एकशे अडतीस’ म्हटले की यवतमाळच्या कोर्टात कोणालाही न वटलेला चेक आठवतो. पण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टात चेकचे हे कलम राहायला आले १ एप्रिल १९८९ रोजी. त्याच आकड्याखाली १८८५ पासून १९५६ पर्यंत वेगळीच तरतूद नांदत होती: गव्हर्नर जनरलने राजपत्रात जाहीर करून, नावाने किंवा हुद्द्याने, नोटरी नेमावा. आज आपण ज्याच्यासमोर प्रतिज्ञापत्रावर सही करतो, त्या नोटरीच्या नेमणुकीचे हे जुने घर.

आकडा रिकामा होता म्हणून वापरला, असे कोणी म्हणेल. मला त्यात नाते दिसते. दिलेला कागद वटला नाही, तर त्यावर तशी नोंद करून रीतसर प्रोटेस्ट, म्हणजे न वटल्याचा दाखला, काढायचा, यासाठीच तर नोटरी त्या कायद्यात होता! काहीजण त्याला काझीच्या शिक्क्याचा किंवा कुलकर्ण्याच्या साक्षीचा वारस मानतात. ते मला पटत नाही. कुळकर्ण वतनाने चाले. नोटरीला सरकार ठरावीक क्षेत्रापुरते नेमी आणि काढूनही टाकी. त्याची नाळ गावगाड्याशी नाही, व्यापाराशी आहे.

मग कापसाच्या वऱ्हाडात त्याची गर्दी का झाली नाही? उत्तर त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात आहे. देशी भाषेतल्या हुंडीची स्थानिक वहिवाट त्याने अबाधित ठेवली. हुंडी हरवली तर पैठ म्हणजे तिची दुसरी प्रत, तीही गेली तर परपैठ म्हणजे तिसरी. हुंडी नाकारली गेली तर पत राखायला जिकरी चिठ्ठी, म्हणजे त्याच गावच्या दुसऱ्या पेढीला ती हुंडी भागवण्याची विनंती. पेढीचे पेढीवर निभत असताना वणी-दिग्रसच्या सावकाराला नोटरीची निकड भासली नसणार, हा माझा कयास. शिवाय १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असला तरी वऱ्हाड नावाने निजामाचाच मुलूख. इंग्रजी कायदे इथे वेगळ्या हुकमांनी लागू होत.

तिकडे मुंबई-कलकत्त्याचे नोटरी इंग्लंडच्या कोर्ट ऑफ फॅकल्टीजकडून, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीतून, सनद आणत. स्वतंत्र देशाला हे शोभणारे नव्हते. म्हणून १९५२ चा नोटरी कायदा झाला. तो १४ फेब्रुवारी १९५६ रोजी अमलात आला आणि जुने १३८ रद्द झाले.

यवतमाळची खरी गंमत इथून सुरू होते. त्या दिवशी जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. सव्वाचार वर्षांत तीन सरकारे! जिल्ह्यातल्या पहिल्या नोटरींची नावे शोधणाऱ्याने म्हणून आधी मध्य प्रदेशचे राजपत्र उघडावे, मग मुंबईचे. जानेवारीचे अंक सोडू नयेत. नोटरींची यादी दरवर्षी त्याच महिन्यात छापावी, असे कायद्याचे सहावे कलम सांगते.