शूटिंगच्या सामानाचा विमा स्वस्तात कसा घ्यावा?

चाकण पट्ट्यातील कुरुळीसारख्या गावात लग्नांचे किंवा कारखान्यांचे शूटिंग करणाऱ्या छोट्या युनिटला चित्रपटांसाठीची मोठी पॉलिसी लागत नाही. कॅमेरा, लेन्स, लाइट यांच्यासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची ‘ऑल रिस्क’ पॉलिसी पाहावी. तिच्यात चोरी आणि अपघाती तुटफूट साधारणपणे येते. मात्र गाडीत ठेवलेले सामान आणि भाड्याने आणलेला कॅमेरा यांबद्दलच्या अटी आधी वाचाव्यात.

हप्ता कमी करायचा असेल, तर नुकसानीतला स्वतः सोसायचा वाटा वाढवून घेता येतो. सामानाची किंमत कमी दाखवणे मात्र महागात पडते. ६ लाखांच्या सामानाचा ३ लाखांचाच विमा असेल आणि १ लाखाचे नुकसान झाले, तर ‘सरासरी’च्या अटीनुसार ५० हजारच मिळतात. त्यातूनही स्वतःचा वाटा वजा होतो.

ड्रोन उडवायचा असेल, तर थर्ड पार्टी विमा ड्रोन नियम, २०२१ नुसार बंधनकारक आहे. सूट फक्त २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला. लाइट उचलणाऱ्या मुलांचा विचार तर बहुतेकदा शेवटीच होतो. बँक खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती मृत्यूचे संरक्षण मिळते. उपचारांचा खर्च त्यात येत नाही.