स्कूबा-प्रशिक्षणाची घडण आणि को ताओ बेट

समुद्रात बुडी मारणे हा मानवाचा फार जुना व्यवसाय असला, तरी परदेशी सहलीवर गेलेल्या आणि एरवी समुद्राशी कसलाही संबंध नसलेल्या माणसाने तीन-चार दिवसांत ही विद्या शिकून प्रमाणपत्रासह घरी परतावे, हा प्रघात अगदी अलीकडचा आहे. आणि त्याचे श्रेय सहसा यंत्राला दिले जात असले, तरी ते यंत्राहूनही अधिक शिक्षणाच्या एका विशिष्ट पद्धतीकडे जाते.

मन्नारच्या आखातातील मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचे सारे कौशल्य श्वास रोखून धरण्यात होते. 1943 मध्ये फ्रेंच नौदलातील अधिकारी जॅक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी स्कूबा, म्हणजे पाठीवरील नळकांड्यातून श्वसनाची हवा स्वतःबरोबर नेण्याची साधनसामग्री, व्यवहार्य करून दाखवली. तिचा प्राण असलेला रेग्युलेटर, म्हणजे माणूस श्वास ओढेल तेव्हाच आणि भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा सोडणारी झडप, हा युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गॅसवर चालवल्या जाणाऱ्या मोटारींसाठी गान्यां यांनी तयार केलेल्या झडपेचाच सुधारित अवतार होता. मात्र या सोयीबरोबर एक नवा धोका आला. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो; तेथे भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर दाब कमी होताच फुप्फुसांतील हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटू शकतात. त्यामुळे ‘श्वास कधीही रोखू नये’ हा नव्या विद्येचा पहिला नियम झाला, आणि तो परंपरागत पाणबुड्याच्या शिकवणीच्या नेमका उलट होता. यंत्र दुकानात विकत मिळू लागले तरी हा नियम त्याबरोबर आपोआप मिळत नव्हता.

प्रारंभीचे शिक्षण नौदले, संशोधनसंस्था आणि हौशी मंडळे यांच्या हाती होते. 1950 च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ यांनी संशोधकांसाठी प्रशिक्षणक्रम आखला, त्याच धर्तीवर लॉस एंजेलिस परगण्याने नागरिकांसाठी वर्ग काढले, आणि ब्रिटनमध्ये 1953 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबच्या शाखा तरणतलावात आठवडेच्या आठवडे सराव घेऊन मगच शिकाऊ सभासदाला समुद्रात नेत. या शिक्षणावर लष्करी शिस्तीची छाप होती. शिकाऊ माणसाचा मुखवटा अचानक ओढणे, त्याची हवा बंद करणे असले प्रकार परीक्षेचा भाग समजले जात, आणि त्यातून तगडे पाणबुडे निघाले तरी सामान्य माणूस बाहेरच राहिला, हे मान्य केले पाहिजे.

1966 मध्ये इलिनॉय राज्यात जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी ‘पॅडी’ या स्कूबा-प्रशिक्षण संस्थेची स्थापना केली. पहिला पाणबुड्यांच्या साहित्याचा विक्रेता आणि दुसरा पोहण्याचा शिक्षक, ही जोडी पुढच्या साऱ्या वाटचालीचा खुलासा करते. शिक्षणक्रमाचे छोटे टप्पे पाडण्यात आले. आधी थोडी पुस्तकी माहिती, मग उथळ व सुरक्षित पाण्यात मुखवट्यातील पाणी काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर परत घेणे, जोडीदाराच्या हवेवर श्वास घेणे अशी कौशल्ये, आणि शेवटी खुल्या समुद्रात चार बुड्या, असा क्रम ठरला. 18 मीटरपर्यंत जाण्याची मुभा देणारे कार्ड त्याअंती मिळू लागले. कार्ड न पाहता नळकांडे भरून देण्यास दुकाने नकार देऊ लागली, त्यामुळे हा कागद एका देशात मिळवून दुसऱ्या देशात चालवता येणारे चलन बनला. गुरूकडे दीर्घकाळ राहून मिळणारी विद्या अशा रीतीने सुटीच्या वेळापत्रकात बसली. तिची खोली यात कमी झाली, हा जुन्या मंडळांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता.

या पद्धतीला सर्वांत अनुकूल भूमी थायलंडच्या आखातातील को ताओ या सुमारे 21 चौरस किलोमीटरच्या बेटावर मिळाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे काही काळ राजकीय कैद्यांना ठेवले जाई, नंतर शेजारच्या को पांगान बेटावरून आलेल्या कुटुंबांनी नारळाच्या बागा आणि मासेमारी यांवर वस्ती उभारली, आणि 1980 च्या दशकात पाठीवर पिशवी घेऊन स्वस्तात हिंडणारे पाश्चात्त्य तरुण तेथे पोहोचले. उबदार पाणी, हळूहळू खोल होत जाणारे वालुकामय उपसागर आणि अल्प खर्च या तिन्हींचा मेळ बसल्याने नवशिक्यांच्या शाळा एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, आणि आज सर्वाधिक स्कूबा-प्रमाणपत्रे देणाऱ्या जगातील मोजक्या ठिकाणांत या बेटाची गणना होते. 2011 मध्ये थाई नौदलाची निवृत्त ‘सत्ताकुत’ ही नौका, जी मूळची दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बनावटीची होती, बेटाजवळ मुद्दाम बुडवण्यात आली, ती कृत्रिम प्रवाळखडक व्हावी आणि पाणबुड्यांना नवे स्थळ मिळावे म्हणूनच.

महाराष्ट्रात तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाचे स्कूबा-प्रशिक्षण केंद्र आहे. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर येणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांची बुडी प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेली अल्पकालीन अनुभव-बुडी असते, जिच्यासाठी ना परीक्षा लागते ना कार्ड. पावसाळ्यात कोकणातील समुद्र खवळतो आणि गढूळ होतो, त्यामुळे तेथील हंगामही आखूड राहतो. पूर्ण शिक्षणक्रमाची इच्छा असणारे अनेक जण म्हणूनच अंदमानच्या स्वराज द्वीपाची किंवा थेट थायलंडची वाट धरतात.