नदी, नाला आणि जर्मन पाना

जयपूरच्या वैशाली नगरमधून जुन्या शहराकडे निघाले की अजमेर रोडवर एक पूल लागतो. मी इथे राहायला आले तेव्हा रिक्षावाले त्या प्रवाहाला 'अमानीशाह का नाला' म्हणत. ती द्रव्यवती नदी आहे हे मला कित्येक वर्षांनी कळले. 2016 मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प सुरू झाला आणि फलकांवर 'नदी' हा शब्द परत आला. नदीत सांडपाणी सोडताना माणूस थोडा तरी कचरतो. तिला नाला म्हटले की तेवढीही अडचण उरत नाही.

गेल्या वर्षी एका हिंदी कथेचा अनुवाद करताना मी 'जलकुंभी'पाशी अडले. मराठी वर्तमानपत्रांतला 'जलपर्णी' हा शब्द घातला आणि तो उतारा कोल्हापूरला आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "अगं, रंकाळ्यात ते वाढतं त्याला आम्ही केंदाळ म्हणतो. पर्णी काय, इतकं गोड नाव कशाला?" तिचे म्हणणे मनात राहिले. हिंदीने देठाचा फुगीर कुंभ पाहिला, छापील मराठीने पान पाहिले. तळ्याकाठी राहणाऱ्यांनी मात्र उपद्रव पाहिला.

मूळची ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. 1843 मध्ये कुंट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रशियाचे मंत्री आयशहॉर्न यांच्या सन्मानार्थ तिच्या प्रजातीला 'आयशहॉर्निया' हे नाव दिले. जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी ती देशोदेशीच्या बागांत नेली आणि 19व्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली. तिथे तिने नावांच्या वाटा अडवल्या, भातशेती बुडवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले. शत्रूचे नाव दिले की दोष परक्याच्या माथी मारता येतो. 1936 मध्ये तिच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये खास कायदा झाला. 1937 च्या निवडणुकीत तर ती नष्ट करू, अशी आश्वासने दिली गेली. पण रेल्वेच्या भरावांनी वाहते पाणी तुंबवले होते, आणि साचलेल्या पाण्यात ही वनस्पती फोफावली, हेही इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. ते भराव काही जर्मनांनी घातले नव्हते.

आमेर रस्त्यावरच्या मानसागरची गोष्टही काहीशी अशीच आहे. डोंगरांच्या मधोमध बांध घालून हा तलाव केला आणि त्यात जलमहाल उभा राहिला. पुढे शहर वाढले. ब्रह्मपुरी आणि नागतलाई या दोन नाल्यांनी शहराचे सांडपाणी तलावात येऊ लागले. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलकुंभीला आयते खतच. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होतो. मग खाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि डासांचे फावते. वरची झाडे काढली तरी गाळातले बी कित्येक वर्षे जिवंत राहते. काढलेला ढीग काठावरच कुजू दिला, तर त्यातले खत पुन्हा पाण्यात उतरते.

2001 मध्ये केंद्राची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू झाली आणि लवकरच मानसागर तिच्यात आला. मुंबईचा पवई तलाव आणि आमचा रंकाळाही या योजनेत आले. मानसागरचा गाळ काढला, नाले वळवले, शुद्ध केलेले सांडपाणी तलावात सोडण्याची सोय केली, पक्ष्यांसाठी बेटे केली. हिवाळ्यात पाहुणे पक्षी पुन्हा दिसू लागले. तरीही एखाद्या उन्हाळी संध्याकाळी पाळीवर उभे राहिले की छायाचित्रात न येणारा वास येतो. सांडपाणी येत राहिले, तर एकदा केलेली सफाई फार दिवस पुरत नाही.

अजमेरमध्येही एक वैशाली नगर आहे, अर्णोराजाने 12व्या शतकात बांधलेल्या आनासागरच्या काठी. अलीकडे तोही तलाव जलकुंभीने भरला, यंत्रे लावून ती काढावी लागली. बातम्यांत हिरवे ढीग उपसणारी यंत्रे दिसतात. पाण्याखाली उघडणारे गटाराचे तोंड सहसा कोणी दाखवत नाही. झाड परके आहे, त्याला उपटताना आपण स्वच्छतेच्या बाजूने असतो. गटार मात्र आपल्याच मोरीपासून सुरू होते.

कथेत मी शेवटी 'केंदाळ' ठेवले. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढले होते. मी त्यांना रंकाळ्याचा दाखला दिला आणि शब्द टिकला. छापलेला अंक आईला पाठवला तेव्हा तिचा फोन आला.

"तुमच्याकडे काढतात का गं केंदाळ?"

"काढतात की."

"आणि नाला?"