मराठी ख्रिस्ती किशोरवाचन

मराठी ख्रिस्ती किशोरवाचन म्हणजे साधारणपणे बारा ते अठरा वर्षे वयाच्या वाचकांना देता येण्याजोगे, ख्रिस्ती श्रद्धेशी, ख्रिस्ती समाजाच्या जीवनाशी किंवा धर्मांतराच्या अनुभवाशी संबंधित असलेले मराठी साहित्य होय. या वयोगटासाठी मुद्दाम लिहिलेली ख्रिस्ती पुस्तके मराठीत थोडी आहेत. त्यामुळे प्रौढांसाठी लिहिलेली आत्मचरित्रे, कविता, प्रवासवर्णने व बायबलची सुबोध भाषांतरे हाच या वाचनाचा मुख्य आधार राहिला आहे. या साहित्याची जडणघडण प्रामुख्याने मुंबई, अहमदनगर, पुणे, वसई आणि गोवा येथे झाली. त्यात मुंबईतील गिरगाव परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

मराठीतील ख्रिस्ती ग्रंथरचनेचा प्रारंभ गोव्यात झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी येणाऱ्या प्रसंगानुसार, साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने, पूर्वीच्या पुराणांच्या जागी आम्हांला वाचावयास काही द्यावे, अशी मागणी केली. जुन्या धर्मातील पुराणे सुटली आणि नव्या धर्मात वाचण्यासारखे काही नाही, ही त्याची अडचण होती. या अडचणीला उत्तर म्हणून स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत रचली.

मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये आले. थोड्याच वर्षांत मिशनने छापखाना सुरू केला आणि मराठीतून लहान पुस्तिका प्रसिद्ध होऊ लागल्या. या छापखान्यात व त्याच्या टाइप ओतण्याच्या कारखान्यात अनुभव घेतलेल्या माणसांनी पुढे मराठी मुद्रणाचा पाया घातला. पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी हे त्यांपैकी होत. १८२७ मध्ये बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी ही संस्था स्थापन झाली आणि धार्मिक पुस्तिकांच्या प्रकाशनाला नियमित स्वरूप आले.

१८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये व वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. त्यांच्याआधीच मराठी मुलांना स्वतःचे मासिक मिळाले होते. कॅथलिक समाजात ‘निरोप्या’ (१९०३) आणि वसईचे ‘सुवार्ता’ (१९५५) या मासिकांनी घरगुती वाचनाची सवय टिकवून ठेवली.

किशोरवय आणि धर्मांतराचा वाद

मुलांच्या हाती कोणती धार्मिक पुस्तके द्यावीत, हा प्रश्न मुंबईत फार लवकर तीव्र झाला. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेली शाळा गिरगावातील आंबरोळी येथे चालत असे. पुढे तिचेच विल्सन महाविद्यालयात रूपांतर झाले. या शाळेत हिंदू व पारशी मुले इंग्रजी शिक्षणासाठी येत आणि अभ्यासाबरोबर बायबलही वाचत. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंचे वय तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. पारशी समाजाने न्यायालयात धाव घेतली, परंतु निर्णय विद्यार्थ्यांच्या इच्छेच्या बाजूने झाला. त्यानंतर बहुसंख्य विद्यार्थी शाळा सोडून गेले.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुणाने धर्मांतर केले. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. या वेळी न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांकडे दिला. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबई व पुणे येथे मोठा वाद झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याच्या बाजूने आपले वजन खर्च केले आणि त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष पत्करला.

या दोन प्रकरणांत मुलगा कोणत्या वयात स्वतः निर्णय घेऊ शकतो, हा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. एका बाजूला मुलाचा विचार करण्याचा अधिकार आणि दुसऱ्या बाजूला आईवडिलांना वाटणारी तुटीची भीती होती. या साहित्याच्या निवडीवर पुढील काळातही त्याची छाया राहिली. वाचकाला एका निर्णयाकडे ढकलण्यासाठी लिहिलेल्या पुस्तिका काळाच्या ओघात विस्मरणात गेल्या. निर्णय घेताना माणसाला काय सोसावे लागले, हे प्रांजळपणे सांगणारी पुस्तके मात्र सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी आपली मानली.

निवडक ग्रंथ

*यात्रिकक्रमण.* जॉन बन्यन यांच्या १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी रूपककथेचे हे मराठी भाषांतर हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये केले. पाठीवर पापाचे ओझे घेऊन निघालेल्या प्रवाशाची ही कथा आहे. मराठीत दीर्घ कथात्मक गद्याचे जे अगदी आरंभीचे प्रयत्न झाले, त्यांत तिची गणना होते. भाषा जुनी असल्यामुळे आजच्या किशोरवाचकाला निवडक प्रकरणेच वाचण्यास सोपी जातात.

*यमुनापर्यटन.* बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची ही कादंबरी १८५७ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. यमुना व तिचा पती विनायकराव प्रवासाला निघतात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती ऐकतात. पुढे पतीच्या मृत्यूनंतर यमुनेलाच वैधव्य येते. केशवपन, उपासमार व घरातील अवहेलना यांचे चित्रण तपशीलवार आहे. कथेचा शेवट धर्मप्रसाराच्या हेतूने घडवलेला असून त्यात हिंदू रूढींवर कठोर टीका आहे. ही मर्यादा ध्यानात ठेवून वाचल्यास त्या काळच्या स्त्रीजीवनाचा इतिहास म्हणून हे पुस्तक किशोरवाचकांना उपयुक्त ठरते.

*अरुणोदय.* बाबा पदमनजी यांचे हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. बेळगाव येथील कासार कुटुंबातील बालपण, मुंबईतील शिक्षण, जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस सभेशी आलेला संबंध आणि १८५४ मधील बाप्तिस्मा हा त्याचा मुख्य विषय आहे. लहानपणी मनापासून केलेली व्रते, पुढे वाचनातून निर्माण झालेल्या शंका आणि आईवडिलांना दुःख दिल्याची टोचणी यांमुळे एका तरुणाच्या मनाची घडण त्यातून उलगडते.

*पंडिता रमाबाईंचे लेखन.* पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतून परतल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीनजीक विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात त्यांनी तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, घरगुती जीवन व स्त्रियांची स्थिती यांचे चौकस वर्णन केले आहे. त्यांची ‘माझी साक्ष’ (१९०७) ही छोटी आत्मकथा आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील व बहीण गमावलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची हकिकत तीत येते. त्याच वयाच्या वाचकाला ती विशेष जवळची वाटते.

*स्मृतिचित्रे.* लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. किशोरवाचनासाठी सर्वाधिक सुचविला जाणारा मराठी ख्रिस्ती ग्रंथ हाच होय. लक्ष्मीबाईंनी शाळेत शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांची भाषा बोलण्यातील मराठीसारखी सरळ आहे. वडिलांचे कडक सोवळे, बालवयातील लग्न आणि पतीचा विक्षिप्त स्वभाव यांचे वर्णन त्या हसत हसत करतात. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर दोघांची ताटातूट झाली आणि ती काही वर्षे टिकली. लक्ष्मीबाईंनी स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीच जातिभेद माणसांनी निर्माण केलेला आहे, या निष्कर्षापर्यंत त्या स्वतःच्या विचाराने आल्या होत्या. ग्रंथात वादविवाद जवळजवळ नाही. एक बाई रोजच्या जगण्यातून कशी बदलत गेली, एवढेच त्यात आहे. ज्यांच्या घरी ख्रिस्ती श्रद्धा नाही, अशा वाचकांनीही त्यावर प्रेम केले.

*नारायण वामन टिळक यांची कविता.* टिळक (१८६१–१९१९) ‘फुलांचे व मुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या निसर्गकविता व कौटुंबिक कविता पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांपर्यंत पोहोचल्या. ‘अभंगांजली’मध्ये त्यांनी वारकरी परंपरेतील अभंगाचा घाट ख्रिस्तभक्तीसाठी वापरला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. मराठी चर्चमधील ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची पुष्कळ गीते आहेत. त्यामुळे अनेक ख्रिस्ती मुलांना त्यांची कविता आधी चालीतून आणि नंतर पुस्तकातून भेटते.

*सुबोध बायबल.* वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी केलेले हे भाषांतर राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जुन्या मराठी बायबलची भाषा अवघड वाटणाऱ्या तरुण वाचकांसाठी ते सोयीचे आहे. दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. ‘नाही मी एकला’ हे त्यांचे आत्मकथन वसईतील हरित पट्ट्याच्या रक्षणाच्या चळवळीमुळेही वाचनीय ठरते.

निवडीचे निकष व वाचनक्रम

बारा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी टिळकांच्या निवडक कविता व बायबलमधील कथा योग्य ठरतात. चौदा ते सोळा या वयात ‘स्मृतिचित्रे’ व ‘माझी साक्ष’ वाचता येतात. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग स्वतंत्रपणे वाचला तरी पुरेसा आनंद देतो. त्यानंतर ‘अरुणोदय’, ‘यमुनापर्यटन’ आणि ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या ओव्या घेता येतात. ‘ख्रिस्तपुराणा’ची मूळ आवृत्ती रोमन लिपीत होती. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये निघाली.

एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ देताना त्यांचा काळ व हेतू वाचकाला आधी सांगणे आवश्यक असते. त्या काळी ख्रिस्ती लेखक हिंदू रूढींवर जसे टीका करीत, तसेच विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्यासारखे हिंदू विद्वान ख्रिस्ती मताचे खंडन करीत. त्यांची व मिशनऱ्यांची जाहीर वादसभा १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी भरत असे. दोन्ही बाजूंचे लेखन शेजारी ठेवून वाचले असता, धर्मावरील मतभेद हा मराठीतील जुना व उघडपणे चाललेला संवाद होता, हे किशोरवाचकाच्या लक्षात येते.

उपलब्धता

‘स्मृतिचित्रे’ आजही पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळते. त्याचे शांता गोखले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांना ते मूळ ग्रंथाकडे नेणारा दुवा ठरू शकते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन आता कोणालाही पुन्हा छापता येते. जुन्या आवृत्त्यांच्या शोधासाठी मुंबईत दादर येथील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टमधील एशियाटिक सोसायटी ही महत्त्वाची ठिकाणे आहेत.

मुंबईतील ईस्ट इंडियन कॅथलिक समाजाची घरची बोली मराठीचेच एक रूप आहे. गिरगावातील खोताची वाडी ही या समाजाची जुनी वस्ती होय. त्यांची लग्नगीते मुख्यतः मौखिक परंपरेने टिकून राहिली. चारशे वर्षांपूर्वी साष्टीतील त्या ब्राह्मणाने मागितली होती, तशी वाचनीय पुस्तके आपल्या बोलीत मिळण्याची या समाजातील मुलांची गरज अद्याप पुरती भागलेली नाही.