काथ्या थोरला, जिवाणू धाकटा

कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे 26 किलोमीटरचा ब्रागांझा घाटातला रेल्वेमार्ग 1878च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून जन्मला. कॅसलरॉक हे त्याचं तेव्हाच्या ब्रिटिश हद्दीतलं टोक. 37 फुटांना एक फूट असा चढ, एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला भराव. अशा मार्गाची काळजी रुळांपेक्षा त्यांच्यावर झुकलेल्या मातीचीच जास्त वाहावी लागते. चिपळूणच्या पुरामुळे कोकणातला मार्ग बंद पडला आणि इकडून वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी 23 जुलै 2021 रोजी दूधसागरजवळ दरडीमुळे रुळांवरून उतरली. दरड म्हटली की लोखंडी जाळी, सिमेंटचा फवारा, संरक्षक भिंत हे उपाय आठवतात. आता जिवाणूंकडून वाळू घट्ट करून घेण्याचं तंत्रही चर्चेत आहे, आणि त्याच्या जोडीला नैसर्गिक धागे. या तंत्राची कुळी तपासली तर थोरलेपणाचा मान धाग्याकडे जातो. घाटातही आधी त्यालाच कामाला लावावं, असं माझं ठाम मत आहे.

धाग्याची वंशावळ तीन हजार वर्षांहून जुनी आहे. बगदादजवळच्या अकर कुफच्या मनोऱ्यात कच्च्या विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया घातलेल्या आजही दिसतात. हान राजवटीत गोबी वाळवंटाच्या कडेला चीनची भिंत बांधताना दगड मिळेना, तेव्हा वाळू-खडीच्या थरांत बोरू आणि झाऊच्या फांद्या दाबल्या गेल्या. वेरूळचा पुरावा तर आपल्या घरचा. तिथल्या गिलाव्यात माती-चुन्याबरोबर भांगेच्या झाडाचा तंतू मिसळलेला आहे, असं 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. गिलावा म्हणजे काही उतार नव्हे, हे मान्य. पण तत्त्व एकच. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण धागा घेतो. फ्रान्सच्या आँरी विदाल यांनी 1960च्या दशकात धातूच्या पट्ट्या घालून मातीच्या भिंती उभारल्या आणि या जुन्या समजुतीला हिशेबाचं शास्त्र दिलं. कोकणातल्या नारळाच्या सोडणापासून निघणारा काथ्या याच घराण्यातला. त्यात लिग्निन भरपूर, म्हणून ओल्या मातीत तो तागापेक्षा पुष्कळ उशिरा कुजतो.

जिवाणूचं घराणं त्यामानाने कालचं. पाश्चरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, युरिया फोडणाऱ्या जिवाणूचं वर्णन 1889मध्ये मिकेल यांनी केलं. त्याचं आजचं नाव स्पोरोसार्सिना पाश्चुराय. तो युरियेज हे विकर बनवतो. विकर युरिया फोडतं, त्यातून कार्बोनेट सुटतं, आणि पाण्यात कॅल्शियमचा क्षार असला तर वाळूच्या कणांच्या सांध्यांवर कॅल्साइटचे स्फटिक जमतात. मातीतल्या जिवाणूंमध्ये कॅल्साइट बनवण्याची ही ताकद सर्रास आढळते, हे 1973मध्ये स्पॅनिश संशोधकांनी मांडलं. त्यापासून ‘जैविक सिमेंट’ घडवण्याचा विचार 2004मध्ये पर्थच्या मर्डोक विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया व्हिफिन यांच्या प्रबंधात सविस्तर आला. हेच युरियेज जेम्स समनर यांनी 1926मध्ये आपल्या अबईच्या जातभाईच्या दाण्यांतून स्फटिकरूपात वेगळं केलं होतं. म्हणजे या शाखेतही वनस्पतीचं रक्त आहेच.

मग धागा पुरत असेल तर जिवाणू हवाच कशाला? हा आक्षेप रास्त आहे. मोकळ्या वाळूत धागा कामाला लागतो तो कण सरकू लागल्यावर. तोवर माती थोडी तरी हलते. कॅल्साइट कणांना आधीच बांधून ठेवतं. मात्र ही बांधणी ठिसूळ असते, मर्यादा ओलांडली की एकदम तडकते. तिथे आरपार गेलेला धागा तडा रोखून धरतो. प्रयोगशाळेत दोघांना एकत्र आणतात ते याच कारणासाठी.

तरीही घाटात जिवाणूला पुढे करायला मी तयार नाही, कारण त्याच्याविरुद्धचे आक्षेप अधिक जड आहेत. युरियाच्या एका रेणूमागे अमोनियमचे दोन आयन मोकळे होतात, आणि दूधसागरचं पाणी अभयारण्यातून मांडवीला मिळतं. जिवाणूऐवजी अबईच्या जातभाईचं विकर वापरलं तरी हा अमोनियम टळत नाही. शिवाय जिवाणू साधारण एक ते तीन मायक्रॉनचा. स्वच्छ वाळूच्या फटींतून तो फिरतो, चिकणमाती मिसळली की वाट बंद होते. सह्याद्रीच्या उतारांवरची जांभी, चिकण माती त्याला मानवणारी नव्हे.

काथ्या कुजतो, हा उलटा आक्षेप मला कमी वजनाचा वाटतो. उतारावर त्याचं काम काही पावसाळे माती धरून ठेवण्याचं. तेवढ्यात गवताची मुळं पकड घेतात. पण मुळं वरच्या थरापुरती असतात. खोलवरून सरकणाऱ्या दरडीला काथ्या अडवू शकत नाही, तिथे पाण्याचा निचरा आणि खडकात रोवलेल्या सळ्याच लागतील. 2020मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत काथ्याचं भूवस्त्र वापरायला मान्यता मिळाली, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 328 किलोमीटर आले. तो अनुभव रस्त्याच्या पायाचा आहे, उताराचा नाही; म्हणून घाटात आधी कटिंगच्या लहान तुकड्यावर काथ्याची जाळी आणि वाळा लावून पाहावा. जिवाणूची पाळी येईल ती जिथे भराव निव्वळ वाळूचा आहे आणि धुऊन निघणारं पाणी टाकीत अडवता येतं, अशा मोजक्या जागी, आणि तीही वाळूत काथ्या मिसळल्यानंतरच.