ताम्रपात्र : गुण, उपयोग व मर्यादा

देवपूजेतील कलश, पळी-पंचपात्र, ताम्हण व अभिषेकपात्र ही उपकरणे बहुधा तांब्याची असतात. या धातूचे गुण मोठे आहेत. परंतु पात्रात काय ठेवावे याचे तारतम्य राखणे आवश्यक आहे.

आरोग्यास लाभ
रक्तनिर्मिती व मज्जासंस्थेचे कार्य यांसाठी शरीरास तांब्याचा अल्प अंश लागतो. प्रौढ व्यक्तीस तो दररोज सुमारे १ ते २ मिलिग्रॅम पुरतो आणि तीळ, काजू, डाळी यांतून सहज मिळतो. ताम्रपात्रातील पाण्याचा खरा लाभ जंतुनाश हा होय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, दूषित पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवल्यावर पटकी व अतिसाराचे जंतू आढळले नाहीत. पाण्यात उतरलेले तांबेही जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ आत होते.

ऊर्ध्वपातनात उपयोग
तांबे उष्णता सर्वत्र समान पोहोचविते. शिवाय आंबविलेल्या रसातील दुर्गंधी गंधकयुक्त द्रव्ये ते स्वतःकडे ओढून घेते. म्हणूनच कनौज येथे गुलाबपाणी व अत्तर तांब्याच्या ‘डेग’मध्ये काढतात आणि गोव्यातील काजूफेणीच्या भट्टीवरही तांब्याचे भाण चढविले जाते.

सावधगिरी
आम्ल पदार्थांत तांबे विरघळते व पदार्थ कळकतो. त्यामुळे मळमळ, उलटी व पोटदुखी होऊ शकते. दुधाबाबतचा धोका अधिक गंभीर आहे. १९८० च्या दशकात पुणे येथील वैद्यकीय अभ्यासांत, तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यांत तापविलेले दूध तान्ह्या मुलांना पाजणे व यकृताचा एक प्राणघातक विकार यांचा संबंध दिसून आला. अशी भांडी मागे पडली तसा हा विकारही अत्यंत विरळ झाला. ताम्रपात्रात दूध ठेवू नये, हा आपल्या पूर्वजांचा दंडक येथे सार्थ ठरतो.

भाविकांनी पाळावयाचे नियम
१. ताम्रपात्रात केवळ स्वच्छ, साधे पाणी भरावे. ते रोज बदलावे.
२. पंचामृत, दही, ताक, लिंबाचे सरबत चांदीच्या वा स्टीलच्या पात्रात ठेवावे.
३. अभिषेकाचे पंचामृत ताम्हणात साचू न देता लगेच दुसऱ्या पात्रात काढावे.
४. हिरवट कळंक दिसल्यास चिंच-मिठाने घासून भांडे स्वच्छ धुवावे. स्वयंपाकाच्या भांड्यांस वेळोवेळी कल्हई करावी.
५. ‘विल्सन’ विकार असलेल्यांनी ताम्रपात्रातील पाणी घेऊ नये.

ताम्रजल हे औषध नव्हे. आजारात वैद्यकीय सल्लाच घ्यावा.