राया असोको : कनगनहळ्ळीच्या शिल्पपटाचे मोल

ज्या राजाने आपले विचार देशभरच्या शिलांवर आणि स्तंभांवर कोरविले, त्याने स्वतःची प्रतिमा मात्र कोठे कोरविल्याचे आढळत नाही. सम्राट अशोकाचा चेहरा कसा होता, हे त्यामुळे आज कोणालाही सांगता येणार नाही. सांचीच्या तोरणांवरील काही दृश्यांत अशोक आहे असे विद्वान मानतात; परंतु ती ओळख प्रसंगावरून पटविलेली आहे, तेथे त्याचे नाव कोरलेले नाही. या पार्श्वभूमीवर कर्नाटकातील कनगनहळ्ळी येथे मिळालेल्या एका शिल्पपटाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कनगनहळ्ळी हे भीमा नदीच्या काठी, कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्यात सन्नतीजवळ आहे. भीमाशंकरला उगम पावून पंढरपूरवरून वाहत जाणारी हीच ती नदी. सन्नती येथे १९८६ साली चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले. त्यानंतर असे आढळले की, देवीच्या मूर्तीची बैठक म्हणून वापरलेला दगड हा अशोकाच्या धम्मलिपींचा शिलापट्ट आहे. मूर्ती बसविण्यासाठी त्याला मधोमध भोक पाडले होते, त्यामुळे बरीच अक्षरे नष्ट झाली. तरीही त्यावर बारावा व चौदावा शिलालेख आणि धौली व जौगड येथील दोन स्वतंत्र लेख ओळखता आले. इतरांच्या पंथांचाही आदर करावा, असे सांगणारा लेख तो हाच बारावा.

पुढे १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जवळच्या कनगनहळ्ळी येथे उत्खनन केले. तेव्हा एका भव्य स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. तेथील लेखांत या स्तूपाचे नाव 'अधालक महाचेतिय' असे येते. त्याचे शिल्पपट स्थानिक चुनखडकात कोरलेले आहेत. ज्या भागातून शहाबादी फरशी आपल्या घरांत येते, तोच हा भाग. बुद्धचरित्रातील प्रसंग, जातककथा आणि राजांच्या प्रतिमा असे या पटांचे विषय असून, येथील ब्राह्मी लेखांची संख्या अडीचशेहून अधिक आहे.

यांपैकी एका पटावर राजा आणि राणी उभे आहेत. भोवती सेविका असून, त्यांच्या हाती छत्र व चामरे आहेत. पटावर अवघी दोन पदे कोरलेली आहेत : 'राया असोको'. काहींनी पहिले पद 'रञो' या धर्तीवर वाचले आहे. परंतु पालीचा प्रारंभिक विद्यार्थीही जाणतो की 'रञ्ञो' हे षष्ठीचे रूप होय, आणि त्यापुढे 'असोकस्स' असे पद यावयास हवे. 'असोको' ही प्रथमा असल्याने तिच्याशी 'राया' हेच पद जुळते. पालीतील 'राजा' प्राकृतात 'राया' होतो. हे रूप मराठी माणसाला परके नाही. विठुराया, शिवराया, रायगड या शब्दांतून ते आजही आपल्या तोंडी आहे.

या शिल्पाची छायाचित्रे अलीकडे पुष्कळ ठिकाणी दिसतात. 'अशोकाचे खरे रूप' अशी ओळही कित्येकदा त्यांखाली असते. येथे सावधगिरी बाळगली पाहिजे. अशोक इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातला. हा शिल्पपट सातवाहनकालीन, म्हणजे त्यानंतर सुमारे दोन-तीन शतकांनी घडविलेला आहे. शिल्पकाराने राजाला पाहिले असणे शक्य नव्हते. राजाने कसे दिसावे याविषयीची तत्कालीन कल्पना त्याने कोरली आहे. अलंकार, उष्णीष, उभे राहण्याची ढब ही सारी सातवाहन काळाची आहेत. श्रद्धेच्या भरात पुराव्याला त्याच्या बळापलीकडे ताणले, तर प्रतिपक्षाच्या हाती आयतेच शस्त्र मिळते.

मग या पटाचे मोल कशात आहे? आमच्या मते ते चेहऱ्यात नाही, नावात आहे. अशोक भारतात पूर्णपणे विस्मृत झाला होता आणि जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी वाचली तेव्हा तो पुन्हा सापडला, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. लेखांतील 'देवानंपिय पियदसि' म्हणजेच अशोक, हे त्याच सुमारास टर्नरने सिंहली पाली ग्रंथांच्या आधारे दाखविले. १९१५ साली कर्नाटकातीलच मस्की येथे 'असोक' हे नाव असलेला लेख सापडला आणि त्या निष्कर्षाला शिलेचा आधार मिळाला. पण विस्मृती आरंभापासून नव्हती, हे कनगनहळ्ळीचा पट सिद्ध करतो. मौर्य साम्राज्य लयाला गेले, दख्खनेत नवे राजवंश आले, तरी भीमाकाठच्या उपासकांना अशोक ठाऊक होता, आणि तोही बिरुदाने नव्हे, नावाने. आज आपल्या हाती असलेला 'महावंस' हा ग्रंथ या पटाहून कित्येक शतकांनी अर्वाचीन आहे, हेही ध्यानी घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की, येथे अशोक एकटा नाही. चिमुक, सातकणि, पुळुमावि या सातवाहन राजांच्या प्रतिमाही याच स्तूपावर नावांनिशी आहेत. सातकणि महाचेतियाला रुप्याची कमळे अर्पण करीत असल्याचे तेथील लेख सांगतो. म्हणजे सत्ताधारी वंश बदलला तरी संघाच्या स्मृतीत राजाचे मोजमाप एकच राहिले : त्याने धम्मासाठी काय केले? अशोकाच्या पटावर युद्ध नाही, कलिंग नाही, पराभूत शत्रू नाही. आणि हा महाचेतिय केवळ राजांच्या द्रव्यावर उभा राहिलेला नाही. भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ उपासक आणि स्त्रिया यांच्या दानांचे लेख तेथे आहेत. अशोकाची स्मृती या लोकांनी जपली. राजदरबाराची आज्ञा संपल्यावरही जी आठवण टिकते, तीच खरी लोकस्मृती होय.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर अशोकचक्र स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचा सिंहशीर्ष राष्ट्रमुद्रा झाला. प्रजासत्ताकाने अशोकाची निवड केली ती ग्रंथांच्या व शिलालेखांच्या आधारे. कनगनहळ्ळीच्या अनाम शिल्पकाराने तशीच निवड दोन सहस्र वर्षांपूर्वी केली होती, हे आपणांस तेव्हा माहीत नव्हते.

उत्खननानंतर येथील शिल्पपट कित्येक वर्षे ऊन-पावसात उघड्यावर होते. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याने जतनाचे काम हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि शासकीय जतन दगडाचे होते. अर्थाचे जतन वाचणाऱ्यांनाच करावे लागते. सन्नतीचा लेख मूर्तीची बैठक झाला, कारण तो वाचणारे कोणी उरले नव्हते. ब्राह्मीची अक्षरे काही आठवड्यांच्या अभ्यासाने लावता येतात. प्रत्येक विहारात ती वाचू शकणारी चार-पाच मुले-मुली तयार झाली, तर 'राया असोको' ही दोन पदे पुन्हा मुकी होणार नाहीत.